गिरजाबाईचा खिसा

वामनरावांनी जीपवाल्याला सकाळीच सांगून ठेवलं, "परत जाताना सामान वाढेल. एक ट्रंक, एक गादी अन् माही माय." एका दमात, त्याच क्रमानं. धाकट्या हरिदासनं ते ऐकलं आणि त्याच्या डोक्यात सणक गेली, पण निमगड्यांच्या घरात थोरल्याला उलट बोलायची पद्धत नव्हती. त्यात थोरला चंद्रपूरच्या वीज केंद्रात मोठ्या हुद्द्यावर. हरिदास चिमूरला मास्तर होता. वर्गभर पोरं त्याला घाबरायची आणि तो एकट्या वामनरावांना घाबरायचा.

दसरा होता. छप्पन साली गिरजाबाई बैलबंडीनं चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला गेली आणि दीक्षा घेऊन आली, त्याला यंदा तीस वर्षं होत होती. सावली गावच्या या मोहल्ल्यात त्रिशरण-पंचशील पहिल्यांदा म्हणून दाखवलं ते तिनं. बाईला वाचता येत नव्हतं. ऐकून पाठ केलं आणि विसरू नये म्हणून येताना सगळा रस्ता बंडीत पुटपुटत आली. तेव्हापासून विहारातली वंदना तीच सांगायची. ती एक ओळ म्हणे, मागून अख्खा मोहल्ला ती ओळ म्हणे, मग ती पुढची उचले. तो मान तिच्याकडून मागून घ्यायची कोणाची छाती झाली नाही.

आज संध्याकाळी विहारात तीस वर्षांचा सोहळा होता. आणि गिरजाबाई घरापुढच्या छपरीत भिंतीला टेकून अडकित्त्यानं सुपारी कातरत बसली होती, आणि तिची ट्रंक बांधून दाराशी ठेवलेली होती.

दुखणं कानाचं होतं. दोन-अडीच वर्षांत बाईला ऐकू येणं जवळजवळ बंद झालं. नवरा जाऊन बराच काळ झालेला, पोरं तीन गावांना, घरात ती एकटी. मागच्या महिन्यात शेजारची रुखमा दार ठोकून ठोकून थकली, आतून भात जळाल्याचा वास येत होता, लाइन गेलेली, म्हणून बटण दाबून चुलीजवळचा बल्बही लागेना. शेवटी लोकांनी मागच्या छपराचे कवेलू काढले आणि एक माणूस आत उतरवला. गिरजाबाई धडधाकट बसली होती, चूल विसरून. छतातून माणूस उतरलेला पाहून तिनंच बोंब ठोकली. मोहल्ला हसला, पण बातमी चंद्रपूरला गेली ती वेगळी होऊन गेली. वामनरावांच्या हाफिसात कोणीतरी म्हणालं, साहेबांची आई एकटीच मरून पडली होती म्हणे. त्या दिवशी वामनरावांनी ठरवलं.

"भाऊ, एकदा तिले विचारून तं पाहा," हरिदास शेवटी म्हणालाच.

"काय विचारू? कसं विचारू? ऐकू येते काय तिले?" वामनराव म्हणाले. "टीव्ही आणून देल्ला. तू तो लाल बल्ब लावून देल्ला. मीरानं कानाची मशीन देल्ली. झालं काही? सांग मले, झालं काही?"

हे सगळं गिरजाबाईपासून हातभर अंतरावर चाललं होतं. तिच्याविषयी बोलताना हळू बोलायची सवय घरातून कधीच गेली होती.

गिरजाबाईला एवढं कळत होतं की बोलणं आपल्यावर चाललंय. आपल्याविषयी बोलताना पोरं आपल्या तोंडाकडे पाहत नाहीत, पायांकडे पाहतात, हे तिनं हेरून ठेवलं होतं. ट्रंक तर दिसतच होती.

तिला जायचं नव्हतं. चंद्रपूरच्या क्वार्टरमध्ये ती मागल्या उन्हाळ्यात महिनाभर राहून आली होती. पोरगा कामावर, सून शाळेत शिकवायला, नाती कॉलेजात. इथं ऐकू येत नसलं तरी रुखमा येऊन बसे, हातात हात घेऊन हातवारे करी, कोण बाळंत झाली, कोणाचं धान पडलं, ते बोटांनी सांगे. तिथं सारी माणसं भली, पण कोणाला वेळ नव्हता. एवढ्या घरात एक जण तिला रोज हात जोडायचा, तो टीव्हीवरचा बातम्यावाला. तो नमस्कार करी तेव्हा गिरजाबाई पदर सावरून त्याला "जयभीम" म्हणे.

इथं सावलीतही टीव्ही आला तेव्हा पहिले दिवस तिला बरं वाटलं. संध्याकाळी घर भरून जाई. मग तिच्या लक्षात आलं की घर भरतं खरं, पण सगळ्यांच्या पाठी आपल्याकडे असतात. पडद्यावर मुंग्या नाचत, लोक हसत, आणि ती मागं बसून सगळ्यांच्या माना पाही. तिनं एक दिवस त्याच्यावर जुनं लुगडं झाकलं ते झाकलंच.

हरिदासच्या बल्बाचं तिला कौतुक होतं. दारावरचं बटण दाबलं की चुलीजवळ लाल बल्ब लागायचा. मोहल्ल्यातल्या पोरांना तो खेळ झाला. दाबायचं आणि पळायचं. गिरजाबाई दिवसातून कितीदा उठून दाराशी जाई आणि रिकाम्या गल्लीकडे पाहून परत येई. रुखमानं पोरांना बदडायचं म्हटलं तेव्हा तिनं अडवलं. "राहू दे वं," म्हणाली. "कोनी तं दाबते."

आणि मशीन. मशीन तिनं एक दिवसही काढली नव्हती. मीरानं मिरगाच्या आधी आणून दिली, काडेपेटीहून जरा मोठी डबी, तिला लांब तार, तारेच्या टोकाला कानात घालायचं बोंड. दिवसभर कानात कडकड, खडखड चाले, डोकं उठे. माणसाचा शब्द एक नाही. पण पोरीनं दिली होती. रोज सकाळी ती बोंड कानात घालून घेई आणि खडखड ऐकत दिवस काढी.

दुपार कलली तेव्हा गडचिरोलीकडून बस आली आणि मीरा दारात उभी राहिली. पायात चिखलाचे बूट, खांद्यावर पिशवी, हातात पळसाच्या पानात बांधलेली चारोळी. ती भामरागडला सरकारी दवाखान्यात नर्स होती. पावसाळाभर पर्लकोटा नदी रस्ता बुडवून बसते, म्हणून ती जी मिरगाला गेली ती आज उगवत होती. तिनं बटण दाबलं. चुलीजवळ बल्ब लागला. गिरजाबाई उठली, आणि नेहमीच्या रिकाम्या गल्लीऐवजी दारात पोरगी पाहून तिनं तिला असं धरलं की चारोळी सांडली.

"ट्रंक कोनाची?" मीरानं आत येता येता विचारलं.

वामनरावांची बायको सगुणा पाणी आणायला आत गेली.

"भाऊ, ट्रंक कोनाची?"

"मायची. आज घेऊन जातो. कार्यक्रम झाला का निघतो आमी."

"मले न विचारता?"

"तुले कुठी विचारू, नदीच्या पल्याड? चार महिने तुहा पत्ता नाई अन् येऊन मले जाब विचारून राह्यली."

मीराला ते लागलं, कारण ते खरं होतं. भामरागडला तिच्या हाताखालची बुधरी तिला रोज विचारायची, बाई, तुमची आई काय करत असेल. आणि मीरा म्हणायची, मशीन दिलीय, ऐकत असेल सगळ्यांचं. त्या एका वाक्यावर तिनं पावसाळा काढला होता. आता तिनं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "माय, कशी आहेस?"

"मशीन?" गिरजाबाई गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली. "हाये ना. घातली हाये. लय कडकड करते वं मीरा. पन घालतो मी."

मीरानं कानातलं बोंड पाहिलं. नीट बसलं होतं. तार मानेवरून पदराखाली गेली होती. ती तार बोटानं धरत धरत खाली गेली, गळा, छाती, पोट, आणि तिचा हात कमरेशी येऊन थांबला. तिथं पान-सुपारीची चंची खोचलेली होती. मीरानं चंची ओढून काढली आणि उलगडली. एका कप्प्यात पान, एका कप्प्यात चुन्याची डबी, आणि मोठ्या कप्प्यात खांडं केलेल्या सुपाऱ्यांच्या मधोमध मशीन.

तिनं बोंड काढून आपल्या कानाला लावलं आणि चंची जराशी हलवली. सुपाऱ्या अशा वाजल्या की तिनं दचकून बोंड कानापासून दूर केलं.

"अवं माय," मीरा म्हणाली आणि मटकन खाली बसली. "सारा पावसाळा तू सुपाऱ्या ऐकत बसली."

हरिदासला हसू आवरेना. मग सगुणा हसली. मग मीरा हसता हसता रडायला लागली, कारण चूक तिचीच होती. नागपुरात डॉक्टरनं दाखवलं तेव्हा त्यानं डबी स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकली होती आणि म्हणाला होता, अशी ठेवायची. मीरानं मान डोलावली होती. नऊवारी नेसणाऱ्या बाईला खिसा नसतो, हे ना त्याच्या डोक्यात आलं ना तिच्या. आणि खिसा नाही म्हटल्यावर गिरजाबाईनं आपली सगळ्यात जपायची वस्तू जिथं ठेवायची तिथंच तीही ठेवली. तिच्या हिशेबानं त्यात चूक काहीच नव्हती.

"माणूस बोलते ते या जाळीतून आत जाते," मीरा भावांना दाखवत म्हणाली. "डबी छातीवर पायजे, उघडी, वर कपडा नको."

"मंग छातीवर ठेव," वामनराव म्हणाले. "पन जायचं ते जायचंच. मशीनचं अन् त्याचं काय?"

सगुणा उठली. तिनं वामनरावांच्या पिशवीतून इस्तरीचा पांढरा रुमाल काढला, घडी घातली, सुईदोरा घेतला आणि सासूसमोर बसली. गिरजाबाईची सणाची पांढरी चोळी तिथंच वळणीवर टांगलेली होती. सगुणानं ती मांडीवर घेतली आणि डाव्या बाजूला रुमाल टाचायला सुरुवात केली. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत सगुणा नवऱ्याच्या विरोधात एकदाही उभी राहिली नव्हती. टाके घालणं म्हणजे काही विरोध नव्हे, असं ती स्वतःला सांगत होती. पण मशीन चालली तर ट्रंक उतरेल, हे तिला कळत होतं, आणि ती टाके घट्ट घालत होती.

खिसा पाहून गिरजाबाई बिथरली. "हे काय? बाईच्या जातीले छातीवर खिसा? लोक हासतीन." तिनं चोळी अंगावर घेतली ती सगुणाकडे पाहून. सून जेव्हा डोळ्यानं म्हणते घाला, तेव्हा घालावं, एवढं शहाणपण तिला होतं. मीरानं डबी खिशात ठेवली, जाळी बाहेर, नवा सेल टाकला, बोंड कानात बसवलं आणि बारकं चाक हळूच फिरवलं.

गिरजाबाईनं मान कलती केली.

"ऐकू येते काय, माय?" मीरा म्हणाली.

"थांब, थांब जरा," गिरजाबाई ओरडली, आणि ओरडता ओरडता तिनं तोंडावर हात ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "मी एवढ्यानं बोलतो काय?"

"दोन वर्षं झाली," हरिदास म्हणाला.

"अन् तुमी कोनी सांगतलं नाई." सगुणाच्या बांगड्या वाजत होत्या. मागं कोंबडी उकिरडा उकरत होती. गिरजाबाईनं भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले आणि ऐकत राहिली. तिला वाटलं, आता बोलू नये, जे येतंय ते येऊ द्यावं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिनं पुसलं नाही.

डोळे मिटलेले पाहून पोरांना वाटलं दमली. आणि दोन वर्षांची सवय. वामनरावांनी तिथंच, तिच्या शेजारीच, बोलायला तोंड उघडलं.

"हे पाहा मीरा, दोन दिवसांचा खेळ हाये हा. सेल संपन, तार तुटन, अन् तू पल्याड. मी काय तिले जंगलात सोडून राह्यलो काय? माह्या घरी नेऊन राह्यलो."

"तुमच्या घरी ती एकटी राहते, भाऊ."

"इथी कोन हाये मंग? मोहल्ला? मोहल्ल्यानं काय केलं? ती विहारात जायची बंद झाली, कोनी बोलवाले तरी आलं काय?"

सगुणाच्या हातातली सुई थांबली. "तसं नका म्हनू," ती म्हणाली.

"काऊन नको म्हनू?"

"मोहल्ल्याचं नाव नका घेऊ. विहार कमिटीच्या सोमाजीभाऊले तुमीच सांगतलं, का आईले वंदना सांगाले बोलावू नका. मी होतो तिथी. आता मोहल्ल्यावर कशाले ढकलता?"

मीरा भावाकडे पाहत राहिली. हरिदासनं मान खाली घातली. त्याला हे माहीत नव्हतं, पण माहीत असतं तरी तो बोलला नसता हेही त्याला कळलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"वामन."

आवाज इतका बारीक होता की पहिल्यांदा कोणालाच कळलं नाही तो कोणाचा. गिरजाबाईनं डोळे उघडले होते.

"सोमाजीले तू सांगतलं?"

वामनरावांच्या कपाळाला घाम आला. त्यांनी रुमालासाठी खिशात हात घातला, मग पिशवीत. रुमाल आईच्या छातीवर होता.

"माय, तू ओळ म्हनायची," ते म्हणाले, "अन् लोकायची संपाच्या आधीच दुसरी धरायची. लोकाय्ले समजेना कोनती म्हनावं. पोरी तोंडाले पदर लावून हासत होत्या. मले नाई पाहवलं. माही माय, अन् तिले हासून राह्यले. मले नाई पाहवलं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुले ऐकू आलं असतं काय?"

"नाई आलं असतं," गिरजाबाई म्हणाली. "पन तू माह्याजवळ बसला असता, हात धरून सांगतलं असतं, तं समजलं असतं. रुखमा सांगते ते समजत नाई काय मले? तिले शाळा नाई, काही नाई. मी दोन वर्षं समजत होतो का मोहल्ला माह्यावर रागावला. काय चुकलं, काय चुकलं, म्हनून रोज आठवत बसो. रुखमाले विचारलं तं ते रडाले लागली, सांगे नाई. तिले तुहा मान ठेवा लागला."

वामनराव उभेच होते. कोणी त्यांना बसा म्हटलं नाही. एवढा मोठा साहेब, पण आईसमोर गुन्हा करून आलेल्या पोराचं तोंड झालं होतं त्यांचं.

"ट्रंक राहू दे आता," गिरजाबाई म्हणाली. "येवाचं का नाई ते मी सांगन. आधी सोमाजीकडे जाय. तूच जाय. सांग त्याले, वंदना गिरजाबाई सांगनार हाये."

"अन् पुन्हा तसंच झालं तं?"

"तं मंग ट्रंकेच्या आधी मी जीपमंधी बसन. झालं?"

सोमाजीच्या घरी वामनराव काय बोलले ते कोणाला कळलं नाही. सोमाजी विहार कमिटीचा अध्यक्ष, तोंडाचा फटकळ माणूस, पण त्यानंही पुढं कधी सांगितलं नाही. एवढं खरं, की परत येताना वामनराव मुख्य गल्लीनं आले नाहीत, मागच्या बांधावरून आले.

विहारात मावायला जागा नव्हती. कापणी अर्धी टाकून माणसं आली होती. पांढऱ्या लुगड्यातल्या बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, पोरं मधे. गिरजाबाई आत आली तशी कुजबुज झाली, कारण ती दोन वर्षांनी येत होती, आणि तिच्या छातीवर खिसा होता, खिशात काळी डबी होती आणि डबीतून तार कानात गेली होती. पदर तिनं मुद्दाम डाव्या बाजूनं मागं सारून खोचला होता. दारातून ती तशीच, ताठ, मधल्या वाटेनं पुढं गेली.

"खिसा पाहा वं गिरजाबाईचा, तलाठ्यावानी," एक पोरगी म्हणाली.

"तलाठ्याच्या खिशात पेन राहते," गिरजाबाई न थांबता म्हणाली. "माह्या खिशात तुमी सारे हाये."

पोरीचं तोंड उघडं राहिलं. मग ज्यांनी ऐकलं त्यांनी मागच्यांना सांगितलं, तिला ऐकू येते, अगा ऐकू येते तिला, आणि ते सांगणं दारापर्यंत गेलं.

वामनराव मागच्या भिंतीशी उभे होते. त्यांना पुढं जागा करून देत होते लोक, ते गेले नाहीत. आई हरली तर ट्रंक चंद्रपूरला जाईल, म्हणजे आपण म्हणतो तेच होईल, आणि तरी ते मनात घोकत होते की ती हरू नये. आपल्याला नेमकं काय पाहिजे हे त्यांना त्या भिंतीशी कळलं, आणि सकाळपासूनच्या आपल्या सगळ्या बोलण्याचा त्यांना राग आला.

गिरजाबाईनं मेणबत्ती लावली, हात जोडले आणि पहिली ओळ म्हटली. आवाज तोच होता, बंडीत पुटपुटत आणलेला, जरा जाड झालेला. मोहल्ल्यानं ओळ उचलली. दोन वर्षांपूर्वी याच जागी घोळ व्हायचा. बायांची ओळ संपली, पुरुषांची संपली, मागच्या म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी नेहमीसारखं सगळ्यांच्या मागं राहिलं होतं, त्याचीही संपू दिली, आणि मग गिरजाबाईनं दुसरी ओळ उचलली.

मग तिसरी. मग सगळी. एकदाही ती लोकांच्या अंगावर गेली नाही. मधे एकदा पुरुषांच्या बाजूनं आवाज खाली पडला तर ती थांबली, तिकडं वळून पाहिलं आणि म्हणाली, "मोठ्यानं म्हना, मले ऐकू नाई आलं," आणि विहार असा हसला की पोरं दचकली. मग पुरुष मोठ्यानं म्हणाले. मीरा बायांच्या रांगेत बसून रडत होती आणि म्हणत होती. हरिदास छाती काढून बसला होता. सगुणा खिशाच्या टाक्यांकडे पाहत होती. एकही उसवला नव्हता, आणि तो खिसा आपण शिवला हे शेजारणीला सांगितल्याशिवाय तिला राहवलं नाही.

वंदना संपली आणि लोक घरी जायचे ते गिरजाबाईभोवती गोळा झाले. पहिली रुखमा आली. ती खाली वाकली आणि तोंड गिरजाबाईच्या तोंडाकडे न करता सरळ खिशाकडे करून बोलायला लागली. दोन वर्षं बोटांनी जे सांगता आलं नव्हतं ते सगळं. गिरजाबाई मधेच म्हणे, "असं काय? अन् मले त्यावेळी तू भलतंच समजावून सांगतलं." मग दुसरी आली, मग तिसरी. बाया रांगेनं उभ्या राहिल्या. प्रत्येकीला खिशाशी काहीतरी बोलायचं होतं. ज्यांना बोलायचं काही नव्हतं त्याही जयभीम म्हणून जात होत्या, आणि गिरजाबाई प्रत्येकीला नाव घेऊन जयभीम करत होती.

जीपवाला येऊन वामनरावांपाशी उभा राहिला. "साहेब, सामान भरू?"

"काही नाई भरायचं," वामनराव म्हणाले.

"ट्रंक?"

"ट्रंक घरात ठेव. नीट, पलंगाखाली. तिची जागा तिथंच हाये."

निघायचं तर आईला सांगून निघायला हवं. वामनराव पुढं गेले, पण बायांनी वाट दिली नाही. "रांगेनं या भाऊ," रुखमा म्हणाली. ती दुसऱ्यांदा रांगेत लागली होती. वामनराव रांगेत उभे राहिले. वीज केंद्रात त्यांच्या टेबलाशी लोक रांग लावत. इथं ते बायांच्या रांगेच्या शेवटी उभे होते, आणि गंमत अशी की त्यांना ते बरं वाटत होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आपण होऊन सांगत होते, "माही माय हाये ते." जणू सावलीत कोणाला माहीत नव्हतं.

उभ्या उभ्या ते विचार करत होते की काय बोलावं. दोन वर्षांत आपण आईशी काय बोललो, ते आठवू लागले. जेव. ऊठ. चाल. औषध घे. दार लाव. ओरडून तेवढंच बोलता येतं. जे हळूच बोलायचं असतं ते त्यांनी तिला सांगितलंच नव्हतं, आणि बहुतेक कोणीच सांगितलं नव्हतं.

त्यांची पाळी आली. ते वाकले आणि सवयीनं ओरडले, "माय, मी निघतो."

गिरजाबाईनं खिशावर हात ठेवला. "हळू बोल ना. साऱ्या सावलीले काऊन सांगतं?"

वामनराव आणखी वाकले. आता त्यांचं तोंड त्यांच्याच रुमालाशी आलं होतं. मागं बाया होत्या, सोमाजी होता, जीपवाला होता. त्यांनी अगदी हळू, जेमतेम ओठ हलवून सांगितलं, "माय, लय छान म्हनलं तू आज."

गिरजाबाई त्यांच्याकडे पाहत राहिली.

"ऐकू आलं काय?" त्यांनी विचारलं.

"आलं," ती म्हणाली. "पन आखीन एक बार म्हन."